फलश्रुती नसलेली गोष्ट



विषय कळवला तेव्हा संयोजकांनी फोनवर विचारलं, "म्हणजे हॅरी पॉटरवर बोलणार का?" मी म्हटलं, वेळ उरला तर. वेळ उरणार नाही हे मला तेव्हाच ठाऊक होतं. फँटसी कशाला म्हणायचं हा वाद हॅरी पॉटरच्या कितीतरी आधीचा आहे, आणि त्यातला जो भाग मला महत्त्वाचा वाटतो तो लंडनपेक्षा पैठणला जास्त जवळ आहे. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी आयुष्यभर पुस्तकांना क्रमांक दिले आणि कपाटं लावली. तेव्हा कोणतं पुस्तक कुठल्या कपाटात ठेवायचं, हे भांडण त्यांच्या नावानं घालायला हरकत नसावी.

स्मृतिव्याख्यानांतून काही निष्पन्न होत नाही असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्यासाठी एक दाखला देतो. ८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अँड्र्यू लँग यांच्या नावानं चालणाऱ्या व्याख्यानमालेत ऑक्सफर्डचे एक प्राध्यापक बोलायला उभे राहिले. त्यांचं नाव जे. आर. आर. टोल्किन. 'द हॉबिट' प्रसिद्ध होऊन दीड वर्ष झालं होतं, 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' छापून यायला अजून पंधरा वर्षं होती. व्याख्यानाचा विषय परीकथा. ते वाढवून १९४७ मध्ये छापलं गेलं आणि फँटसीबद्दल इंग्रजीत पुढं जे काही बोललं गेलं त्यातलं बरंचसं या एका व्याख्यानाला दुजोरा देत किंवा त्याच्याशी भांडत बोललं गेलं.

गंमत अशी की ज्यांच्या नावाची मालिका, त्यांच्याच कामावर टोल्किननी कात्री चालवली. लँग यांनी १८८९ ते १९१० या काळात निळं, लाल, हिरवं अशा रंगांच्या नावांनी परीकथांची बारा पुस्तकं काढली होती. त्यातलं भाषांतराचं पुष्कळसं काम त्यांच्या पत्नी लिओनोरा यांनी केलं, हेही सांगून टाकायला हवं. टोल्किन म्हणाले, यातलं बरंच काही परीकथा नव्हेच. गलिव्हरची लिलिपुटची सफर बाहेर काढा. ती प्रवासवर्णनाच्या जातीची, शिवाय उपहासाची आहे, आणि माणसं बोटभर उंचीची झाली म्हणून काही अद्भुत होत नाहीत. स्वप्नात घडणारी गोष्ट बाहेर काढा, कारण जाग आली की लेखक आपलाच शब्द मागं घेतो. या न्यायानं 'अ‍ॅलिस'ही गेली. आणि प्राण्यांच्या बोधकथा बाहेर काढा, तिथं जनावरांचे मुखवटे घालून माणसंच बोलत असतात. यासाठी त्यांनी उदाहरण घेतलं ते लँग यांच्या लिलॅक रंगाच्या पुस्तकातल्या माकडाच्या काळजाच्या गोष्टीचं. लँगना ती स्वाहिली भाषेतून मिळाली होती.

ती आपल्याला कुणी सांगायला नको. स्वाहिलीत शार्क आहे, आपल्याकडं मगर. पंचतंत्रातलं 'लब्धप्रणाश' हे चौथं तंत्र याच गोष्टीवर उभं आहे. झाडावरचं माकड, पाण्यातला त्याचा मित्र मगर, मगराची हट्टी बायको, तिला खायला हवं असलेलं माकडाचं काळीज. आणि भर पाण्यात माकड सांगतं की अरेरे, काळीज तर झाडावरच राहिलं. टोल्किन म्हणतात, शरीराबाहेर ठेवलेलं काळीज ही फार जुनी, खरोखर अद्भुत कल्पना आहे. पण इथं ती थाप आहे. माकडाला ठाऊक आहे की काळीज छातीतच आहे, ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे, फक्त मगर मूर्ख आहे. अद्भुत इथं फसवायच्या कामी आलं, आणि तिथंच संपलं.

आता दुसरी गोष्ट आठवा. राक्षसानं राजकन्या पळवलेली आहे, तो कशानंच मरत नाही, आणि एके रात्री ती लाडीगोडी लावून त्याच्याकडून गुपित काढून घेते की त्याचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या एका पिंजऱ्यातल्या पोपटात आहे. राजपुत्र तिथं जातो. पोपटाचा पंख उपटला की इथं राक्षसाचा हात गळतो, पाय उपटला की पाय. कल्पना तीच, प्राण देहाबाहेर. पण इथं ती खरी आहे. कथेच्या हद्दीत खरी, कुणाचीही थाप नव्हे, कुणाचं स्वप्न नव्हे. त्यातून पुढचे नियम निघतात: पोपटाला जपायला हवं, मारणाऱ्यानं घाई करून चालणार नाही. माझ्या मते फँटसीची पहिली कसोटी इथंच हाती येते. राक्षस आहे की नाही, पोपट आहे की नाही, याला महत्त्व नाही. जे अशक्य सांगितलं ते कथेनं शेवटपर्यंत निभावलं का, एवढं पाहायचं. टोल्किन ज्याला दुसरं जग म्हणतात, तिथं गेल्यावर तिथले कायदे लागू होतात. ते जग रचणाराही त्यातून सुटत नाही.

नुसत्या सामानावरून जात ठरवू गेलं तर काय होतं याचा एक नमुना. अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या पर्न मालिकेत आग ओकणारे ड्रॅगन आहेत, त्यांच्यावर स्वार होणारी माणसं आहेत, गढ्या आहेत, भाट आहेत. मालिकेतली पहिली कथा छापली 'अ‍ॅनलॉग'नं, म्हणजे कट्टर विज्ञानकथांच्या मासिकानं, आणि १९६८ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. कारण पर्न हा माणसांनी वसाहत केलेला परका ग्रह आहे आणि ते ड्रॅगन तिथल्याच एका प्राण्यापासून जनुकीय कारागिरीनं घडवलेले आहेत. मॅकॅफ्रींचाही आग्रह होता की मी विज्ञानकथा लिहिते. उलट बाजूला 'स्टार वॉर्स' घ्या: अवकाशयानं, यंत्रमानव, आणि मधोमध एक राजकन्या, एक म्हातारा मांत्रिक आणि घराण्याची तलवार. विज्ञानकथा आणि फँटसी यांच्या सीमेवर याहून जास्त वेळ घालवायची माझी इच्छा नाही. विज्ञानकथा अशक्याचा खुलासा देऊ करते, निदान देईन असं वचन तरी देते, आणि फँटसी तसं वचन देत नाही. बाकीचा तपशील मला सीमेवरच्या चौकीतल्या कारकुनी कामासारखा वाटतो.

याहून गंभीर आव्हान आलं पॅरिसहून. त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते म्हणाले, ज्या गोष्टीत भूत सरळसरळ भूत आहे ती चमत्काराची गोष्ट. ज्या गोष्टीत भूत म्हणजे शेवटी वाऱ्यानं हललेला पडदा निघतो ती नुसती विलक्षण गोष्ट. आणि खरं अद्भुत या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत राहतं, जिथं वाचकाला ठरवता येत नाही. हेन्री जेम्सच्या 'द टर्न ऑफ द स्क्रू'मधल्या शिक्षिकेला खरंच भुतं दिसतात, की तिचंच मन भरकटलंय? हा संभ्रम टिकला तोवर अद्भुत टिकलं.

मराठी वाचकाला ही व्याख्या चटकन पटते, कारण आपल्याकडं 'कोंडुरा' आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या या कादंबरीतल्या नायकाला कोंडुऱ्यावर जो साक्षात्कार होतो तो दैवी होता की पिचलेल्या मनानं रचलेला, हे खानोलकर सांगत नाहीत. आणि न सांगण्यात नुसती युक्ती नाही. सगळी कादंबरी त्या न सांगण्यावर तोललेली आहे. श्याम बेनेगलांनी १९७८ मध्ये त्यावर चित्रपट केला. पडद्यावर काहीतरी दाखवावंच लागतं, ही त्या माध्यमाची पंचाईत. जे कागदावर झाकलेलं राहतं ते कॅमेऱ्यासमोर उघडं पडतं.

पण तोदोरोव्ह यांची पट्टी इतकी अरुंद आहे की तिच्यावर फार थोडी पुस्तकं उभी राहू शकतात. सगळं टोल्किन बाहेर. पोपटातला प्राण बाहेर. स्टानिस्वाव लेम या पोलिश लेखकानं १९७४ मध्ये या पुस्तकावर कडक टीका लिहिली ती उगाच नव्हे. शिवाय काफ्का. सकाळी उठल्यावर ग्रेगोर साम्साचा कीटक झालेला असतो, आणि 'मेटामॉर्फोसिस'मध्ये कुणालाही संभ्रम पडत नाही. घरच्यांना घृणा येते, लाज वाटते, पैशाची काळजी लागते. हे खरं की भास, असा प्रश्न कुणी विचारत नाही. तोदोरोव्ह प्रामाणिक माणूस. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी काफ्काला समोर घेतलं आणि आपली व्याख्या इथं चालत नाही हे कबूल केलं. तरीही त्यांच्या पुस्तकातली एक गोष्ट मला व्याख्येपेक्षा मोलाची वाटते. ते म्हणतात, अद्भुताला मारायचे दोन मार्ग आहेत. एक, त्याच्याकडं निव्वळ काव्य म्हणून बघा. दुसरा, त्याला रूपक म्हणून वाचा. 'हा कीटक म्हणजे आधुनिक माणूस' असं म्हटलं की कीटक नाहीसा होतो. या एका बाबतीत त्यांचं आणि टोल्किनचं एकमत आहे. रूपककथा आपल्याला आवडत नाहीत हे टोल्किननी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत स्वच्छ लिहून ठेवलंय. अंगठी म्हणजे अणुबॉम्ब, असं लोक त्यांना सांगून थकले. ते मान्य करून थकले नाहीत, कारण त्यांनी ते मान्यच केलं नाही.

आता मी पैठणच्या वाटेला लागतो, पण आळंदीवरून.

ज्ञानदेवांनी भिंत चालवली. रेड्याच्या मुखानं वेद वदवले. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीला आले. ती भिंत आळंदीला आजही दाखवतात. यातलं काही फँटसी आहे का? वर मांडलेली पहिली कसोटी लावली तर असायला हवं: अशक्य आहे, थाप नाही, स्वप्न नाही, शेवटपर्यंत निभावलेलं आहे. पण मी ते फँटसीच्या कपाटात ठेवणार नाही, आणि याचं कारण कुणाच्या भावना दुखावतील ही भीती नाही. ही कथा सांगणारा 'असं घडलं' म्हणून सांगतो. माझा विश्वास नसला तर माझ्यासाठी ती आख्यायिका होईल, फँटसी होणार नाही. फँटसीत सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही ठाऊक असतं की असं घडलेलं नाही, आणि दोघं मिळून ते ठाऊक असणं बाजूला ठेवतात. एकाला ठाऊक आहे आणि दुसऱ्याला नाही, तर ती फसवणूक, माकडाची आणि मगराची.

विश्वासाचा हा मुद्दा विसरला की काय होतं ते नायजेरियाच्या लेखकांच्या वाट्याला आलं. डी. ओ. फागुन्वा यांनी १९३८ मध्ये योरुबा भाषेत एका शिकाऱ्याची कादंबरी लिहिली. हजार भुतांच्या रानात शिरणारा शिकारी. तिचं इंग्रजी भाषांतर पुढं १९६८ मध्ये वोले सोयिंका यांनी केलं. मधल्या काळात, १९५२ मध्ये, अमोस टुटुओला यांची 'द पाम-वाइन ड्रिंकार्ड' लंडनच्या फेबरनं छापली आणि तिकडं कौतुकाचा पूर लोटला. काय ही अफाट, अशिक्षित, स्वयंभू कल्पनाशक्ती! नायजेरियातल्या अनेक शिकलेल्या वाचकांना मात्र ती रुचली नाही. ज्या गोष्टी त्यांनी घरात ऐकल्या होत्या, फागुन्वांकडं वाचल्या होत्या, त्या आता एका माणसाचं चक्रमपण म्हणून मिरवल्या जात होत्या. दुसऱ्याच्या विश्वासाला आपण फँटसी म्हणतो आणि आपल्या विश्वासाला परंपरा. लॅटिन अमेरिकेतून तसलंच काही आलं तर त्याला जादुई वास्तववाद असं भारदस्त नाव मिळतं.

तरीही विश्वास एवढ्यानंच काम भागत नाही. श्रावणातली कहाणी घ्या. आटपाट नगर, तिथला राजा, त्याच्या दोन राण्या, एक आवडती, एक नावडती. सांगणाऱ्या आजीचा त्या नगरावर विश्वास होता का? मला नाही वाटत. आटपाट नगर कुठल्या तालुक्यात येतं असं तिला विचारलं असतं तर तिनं पाठीत धपाटा घातला असता. पण तिचा वशावर विश्वास होता. घेतला वसा टाकायचा नाही, उतायचं-मातायचं नाही, आणि कहाणी ऐकली की तिचं फळ मिळतं. कहाणी सुफळ संपूर्ण व्हायला हवी. आपल्या स्तोत्रांना, पोथ्यांना, पुराणांना शेवटी फलश्रुती असते: हे वाचल्यानं, ऐकल्यानं काय मिळेल. पंचतंत्राला पुण्य नाही पण तात्पर्य आहे, तीही फलश्रुतीच, राजपुत्रांच्या शाळेतली. विज्ञानकथा खुलासा देऊ करते, तोही एक प्रकारचा मोबदला.

मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे. फँटसी म्हणजे फलश्रुती नसलेली अद्भुत गोष्ट. ती अशक्य सांगते, निभावते, आणि तिच्या हद्दीबाहेर तुमच्या हाती काही ठेवत नाही. पुण्य नाही, तात्पर्य नाही, खुलासा नाही. ज्यांना यात उणेपणा वाटतो त्यांना ती पोरखेळ वाटते, आणि हे वाटणं फार जुनं आहे.

किती जुनं, ते गुणाढ्याच्या आख्यायिकेत दिसतं. सातवाहन राजाच्या पदरचा हा पंडित. पैजेत हरल्यामुळं त्यानं संस्कृत, प्राकृत आणि देशी अशा तिन्ही भाषा सोडल्या, आणि रानात राहून पैशाचीत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्तानं लिहिली. शिष्यांनी ती प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या पैठणला, राजाकडं नेली. राजानं नाक मुरडलं: भाषा पिशाचांची, अक्षरं रक्ताची. मग गुणाढ्यानं डोंगरावर अग्निकुंड पेटवलं आणि एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवत आगीत टाकायला सुरुवात केली. जनावरं चरायची थांबली. इकडं राजाच्या ताटात येणारं मांस रोडावलेलं, सुकलेलं. राजा आजारी पडला. स्वयंपाक्यांना जाब विचारला, त्यांनी शिकाऱ्यांकडं बोट दाखवलं, आणि शिकाऱ्यांनी सांगितलं की रानात कुणी ब्राह्मण काहीतरी वाचतोय आणि सगळी जनावरं तिथंच उभी आहेत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोक जळले होते. लाखभर उरले.

ही साहित्यसंस्थेवरची मला माहीत असलेली सर्वांत तिखट गोष्ट आहे. राजाला साहित्यानं शेवटी हलवलं नाही. जेवण बिघडलं तेव्हा तो हलला. आणि श्रोते कोण, तर ज्यांना पुण्य नको, तात्पर्य नको, ज्यांना पुढचं पान हवं होतं.

तुमच्यापैकी कुणी कथासरित्सागर वाचला असेल तर इथं मला अडवेल, आणि त्याचं बरोबर असेल. सोमदेवानं अकराव्या शतकात काश्मीरच्या सूर्यमती राणीच्या मनोरंजनासाठी बृहत्कथेचं हे संस्कृत रूप रचलं. पण त्याच्या प्रत्येक लंबकाच्या आरंभी एक ठरावीक श्लोक येतो: हे कथामृत शिवाच्या मुखातून आलं, जे ते आवडीनं पितील त्यांची विघ्नं जातील, वैभव मिळेल. म्हणजे फलश्रुती आलीच की! आली, पण कुठं आली बघा. दारावर. आत गेल्यावर विद्याधर उडताहेत, वेताळ प्रेताआडून कूट प्रश्न घालतोय, जुगारी स्मशानात नशीब काढताहेत, ठग शहाण्यांना गंडवताहेत, आणि यातल्या निम्म्या गोष्टींतून पुण्य काढायचं म्हटलं तर धर्मशास्त्र्याला घाम फुटेल. तो श्लोक म्हणजे जकातनाक्यावर दाखवायची पावती. सोमदेव हुशार होता. नुसती मौज विकायला परवानगी नाही हे त्याला ठाऊक होतं.

ही परवानगी इंग्रजीत कधी मिळाली? फार अलीकडं, आणि ती समीक्षकांनी दिली नाही, बाजारानं दिली. १९६५ मध्ये एस या अमेरिकी प्रकाशनानं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' परवानगीविना स्वस्त कागदी बांधणीत काढलं, मग बॅलंटाइननं अधिकृत आवृत्ती काढली, आणि विद्यापीठांतल्या पोरांनी ती उचलून धरली. असलंच आणखी काही द्या, अशी मागणी झाली. पण असलंच आणखी काही कुणी लिहिलेलं नव्हतं. म्हणून १९६९ ते १९७४ या काळात लिन कार्टर या संपादकानं बॅलंटाइनसाठी जुनी पुस्तकं उकरून काढली: विल्यम मॉरिस, लॉर्ड डनसेनी, एडिसन, कॅबेल. मालिकेच्या नावात 'प्रौढांसाठी' असा शब्द घालावा लागला, यातच सगळं आलं. होप मिरलीस यांची १९२६ मधली 'लड-इन-द-मिस्ट' १९७० मध्ये या मालिकेत पुन्हा निघाली, तीही लेखिकेला न कळवता. प्रकाशकांना तिचा पत्ताच लागला नव्हता. बाई हयात होत्या. आपण फँटसीचं एक अभिजात पुस्तक लिहिलंय हे लिहिताना त्यांच्या गावीही नसणार, कारण ते कपाटच तेव्हा नव्हतं. पुढं १९७७ मध्ये 'द सोर्ड ऑफ शनारा' आली, टोल्किनच्या साच्यावर बेतलेली आणि तडाखेबंद खपलेली. तिथून कपाट भरलं, आणि आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फँटसी म्हणून जे येतं ते या साच्यातलं असतं: नकाशा, भविष्यवाणी, अनाथ मुलगा, तीन भाग. अर्सुला ले ग्विन यांनी त्याआधीच, १९७३ मध्ये, इशारा दिला होता की असल्या पुस्तकांतली माणसं जादूच्या मुलखात राहतात आणि बोलतात मात्र कचेरीतल्या माणसांसारखी. चार नावं बदलली की राजदरबाराचं मंत्रालय होतं.

याच ले ग्विन २०१५ मध्ये काझुओ इशिगुरोंवर रागावल्या. 'द बरीड जायंट'मध्ये राक्षस आहेत, ड्रॅगन आहे, विसरायला लावणारं धुकं आहे. प्रकाशनाच्या वेळी इशिगुरो एका मुलाखतीत म्हणाले की वाचक याला फँटसी तर म्हणणार नाहीत ना, अशी शंका येते. ले ग्विन कडाडल्या: फँटसी म्हणवून घ्यायची एवढी लाज? इशिगुरोंनी उत्तर दिलं, मी तर राक्षसांच्याच बाजूचा आहे. भांडण मिटलं, पण लाज कुठून येते ते दिसलं. पुरस्कारांच्या यादीत जाणाऱ्या कादंबरीतल्या ड्रॅगनला कशाचं तरी प्रतीक असावं लागतं.

आता आपल्या घरात या. मराठीत फँटसी नाही, ही तक्रार मी तरुण वाचकांकडून सतत ऐकतो. मला ती पटत नाही. लिखाण आहे, कपाट नाही. आणि कपाट नाही म्हणून लिखाण इकडंतिकडं वाटून टाकलेलं आहे. ल. मो. हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, ना. स. रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची; हरिभाऊ आपटे आले आणि या दोन्हींची रवानगी इतिहासाच्या पहिल्या प्रकरणात झाली, वास्तववाद यायच्या आधीचं बालपण म्हणून. नारायण धारप भयकथांत गेले. रत्नाकर मतकरींनी 'गूढकथा' हे स्वतंत्र दालन नावारूपाला आणलं, आणि त्यांचा 'निम्मा शिम्मा राक्षस' बालनाट्यात गेला. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये टोपणनावानं स्पर्धेला कथा पाठवली आणि विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली, ती विज्ञानाच्या पुण्याईवर. लहान मुलांना आपण फुकटची गोष्ट खुशाल देतो. मोठ्यांच्या हाती मात्र काहीतरी लागलं पाहिजे.

याचा सर्वांत मोठा फटका, मला वाटतं, जी. ए. कुलकर्णींना बसला. फटका म्हणतोय, आणि सभागृहात भुवया उंचावलेल्या दिसताहेत. जीएंना मान मिळाला नाही असं मी म्हणत नाही. मान कोणत्या अटीवर मिळाला ते बघा. 'रमलखुणा' १९७५ मध्ये आली. त्यात दोनच दीर्घकथा, 'प्रवासी' आणि 'इस्किलार'. गाव ओळखीचं नाही, देव ओळखीचे नाहीत, नावं कुठल्याच भाषेतली नाहीत. लेखकानं एक आख्खं जग उभं केलं, त्याला विधी दिले, दैवतं दिली, कायदे दिले. आणि आपण काय केलं? 'नियती' असा एक शब्द काढला आणि सगळ्या जगावर झाकण ठेवलं. विद्यार्थ्याला परीक्षेत विचारतात की या कथेतलं रूपक स्पष्ट करा. इस्किलारमध्ये वारा कसा आहे, तिथं माणसं कशाला भितात, असं कुणी विचारत नाही. हे विचारणं आपल्याला बालिश वाटतं, आणि माझ्या मते वाचनाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. रूपक ही समीक्षकांनी जीएंना चिकटवलेली फलश्रुती आहे. तिच्याशिवाय ते जग मान्य करायला आपण तयार नव्हतो. जीएंच्या कथांत बोध काढण्यासारखं काही नाही असा माझा दावा नाही; पुष्कळ आहे, कधी कधी जरा जास्तच. पण ते जग बोधाआधीचं आहे आणि बोध संपल्यावरही शिल्लक राहतं.

विलास सारंगांचंही तेच. जहाज फुटून एका बेटावर लागलेल्या माणसाची मुलाखत अशी त्यांची एक कथा आहे. त्या बेटावरच्या बायका अर्ध्याच असतात, कुणी कमरेच्या वरची, कुणी कमरेच्या खालची. तिथल्या लोकांना त्यात काही वावगं वाटत नाही; निवड, संसार, सवयी सगळं त्या हिशेबानं चालतं. काफ्का, अस्तित्ववाद, आधुनिकता ही सगळी नावं त्या कथेसाठी घेतली गेली. दर्यावर्दी सिंदबादाचं नाव कुणी घेतलं नाही. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला घेतल्या तेव्हापासून तो आपल्या घरातला माणूस आहे, तरीही.

माझ्या कसोटीला छिद्रं आहेत. सी. एस. लुइस यांच्या नार्नियातला सिंह ख्रिस्त आहे हे लपवलेलं नाही. तिथं फलश्रुती ठसठशीत आहे, आणि तरी नार्नियाला कपाटाबाहेर काढायची माझी हिंमत होत नाही. टोल्किन तर लुइसचे मित्र असून त्यांना नार्निया आवडलं नव्हतं. पण गंमत पुढंच आहे: १९३९ च्या त्या व्याख्यानाच्या छापील रूपात शेवटी टोल्किन स्वतः ख्रिस्ताच्या शुभवर्तमानावर येतात. परीकथेतला अनपेक्षित आनंद हा त्या थोरल्या आनंदाची चाहूल, असं म्हणतात. दीडशे वाक्यं फलश्रुतीविरुद्ध बोलून शेवटी त्यांनीही दारावर श्लोक लावलाच. सोमदेवानं आधी लावला, यांनी नंतर.

आणि भयकथा. 'तुंबाड' हा २०१८ चा हिंदी चित्रपट तुम्ही पाहिला असेल. नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून, आजीचं बीज धारपांच्या 'आजी' या कथेतलं, पाऊस कोकणातला. त्यातला हस्तर नावाचा देव कुठल्याही पुराणात नाही. पण पिठाची बाहुली, सोन्याची मोहर, रिंगणाबाहेर पाय न टाकण्याचा दंडक असे त्याचे कायदे इतके पक्के आहेत की हा देव खरंच आपल्याकडं होता का, असं मला दोन-तीन जाणत्या माणसांनी विचारलं. पहिल्या कसोटीत पैकीच्या पैकी गुण. मात्र चित्रपट सुरू होतो तोच हावरटपणावरच्या गांधीजींच्या वचनानं. तात्पर्य आधीच हातात दिलं, मग गोष्ट सांगितली. मी ते वचन झाकून चित्रपट बघतो.

धारपांचं काय करायचं हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या 'समर्थ' मालिकेत दुष्ट शक्ती आहेत, त्यांना रोखणारे मंत्र आहेत, मंत्रांना कायदे आहेत. हे सगळं फँटसीचं. पण त्यांचा वाचक रात्री दिवा मालवताना एकदा कोपऱ्यात बघतो. म्हणजे घटकाभर का होईना, तो विश्वास ठेवतो, आणि मी मघाशी सांगितलेला दोघांमधला करार तिथं मोडतो. धारपांना कुठल्या कपाटात ठेवायचं यावर इथं बसलेल्यांपैकी निदान पाचजणांकडं माझ्याहून पक्की मतं असणार. अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना वेळ राखून ठेवलाय. सुरुवात तिथून करू.